फुकट दिलं, तरी नको!

फेसबुकनं २०११ मध्ये ओरेगनमधल्या प्राइनव्हिल डेटा सेंटरचं डिझाइन जगाला चक्क फुकट देऊन टाकलं. वीज ३८ टक्के आणि खर्च २४ टक्के कमी, असा कंपनीचा दावा. मग बहुतेक बड्या कंपन्यांची त्यावर लगेच उडी का पडली नाही?

एक तर मापाचा घोळ. पुढे आलेला ओपन रॅक २१ इंची, यांचं सगळं सामान १९ इंची. पण खरी गोम वेगळीच आहे. सर्व्हर घेतं एक खातं, वीजबिल भरतं दुसरंच! बचत केली तर कौतुक कुणाला? रात्री दोनला सिस्टीम बसली, की मात्र मान याचीच. नेहमीच्या कंपनीचा माल असला, तर निदान तिच्यावर ओरडता तरी येतं. प्लेसमेंटला आलेल्यांनी 'इनोव्हेशन'चं कौतुक सुरू केलं, की विचाराच: तुमच्याकडे वीजबिल कोण बघतं?