सिडनीने लोकल बंद करून ट्राम का आणली?

सिडनीच्या कार्लिंगफर्ड उपनगराची लोकल ५ जानेवारी २०२० रोजी बंद झाली. त्याच मार्गावर ट्राम धावायला २० डिसेंबर २०२४ उजाडला. आधी सांगितलं होतं २०२३! तोवर प्रवाशांच्या नशिबी बस.

मिळालं काय? जुना रूळ एकेरी असल्याने फेऱ्या मोजक्याच होत्या. आता रूळ दुहेरी झालेत आणि कामाच्या दिवशी सकाळी ७ ते संध्याकाळी ७ दर साडेसात मिनिटांनी ट्राम आहे. खरा फरक दिशेचा. लोकल क्लाइड जंक्शनकडे जायची. ट्राम पॅरामाटाच्या भर बाजारपेठेतून थेट वेस्टमीडच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचवते.

सिडनीच्या मुख्य शहरात जायचं असेल, तर मात्र ट्राम थेट नेत नाही; पॅरामाटाला उतरून ट्रेन पकडता येते.