तालमीनंतरचा रस्ता कुणाचा?

युवारंग जवळ आला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांतून तालमी सुरू होतात. मूकनाट्य, समूहगान, लोकनृत्य, सगळीकडे मुली हौसेनं नावं देतात. पंधरा दिवसांत त्यातल्या काही गळतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘‘घरून परवानगी नाही.’’

आमच्या गटात येणाऱ्या एका ताईंच्या मुलीचं असंच झालं. नाटकात तिला मोठं काम मिळालं होतं. तालीम साडेआठला सुटायची आणि भाड्याच्या खोलीवर परतायची वेळ आठची. दोनदा उशीर झाला, तिसऱ्यांदा गावी फोन गेला. त्याच नाटकातला एक मुलगा त्याच गल्लीत राहायचा. तो अकराला आला तरी कुणी विचारत नव्हतं. नाटक झालं, बक्षीसही मिळालं, पण ही मुलगी त्यात नव्हती. ताई म्हणाल्या, ‘‘तिला स्टेजवर बघायला मी गाडीभाड्याचे पैसे बाजूला काढून ठेवले होते.’’

खान्देशाला कलेचं वावडं नाही. बालगंधर्वांचं बालपण काही काळ जळगावात गेलं, त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह शहरात आहे. पुरुषानं शालू नेसून स्त्री साकारली आणि १९६४ साली त्याला पद्मभूषण मिळालं. त्यांच्या कलेचा तो मान योग्यच. पण बाई स्वतःच्या अंगानं, स्वतःच्या आवाजात उभी राहिली की आधी तिच्या चारित्र्याची चौकशी होते. तमाशातल्या बाईला आपण टाळ्या देतो, शेजारी घर देत नाही. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्यांनी गाणी रचली. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांची गाणी छापून आली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. नाव बाईचं झालं. आता रस्ताही बाईचा व्हायला नको का?

कारण कलाशिक्षण चार भिंतींत संपत नाही. भूगोलाचा तास पाचला सुटतो, नाटकाची तालीम रात्रीच रंगते. विद्यापीठ गिरणेच्या पुलापलीकडे, महामार्गालगत, शहर अलीकडे. धुळ्यात पांझरेपलीकडे देवपूरच्या वस्तीत कॉलेजं आहेत, भाड्याच्या खोल्या आहेत. अशा ठिकाणी मुलीची कला दिव्यावर, गाडीवर, फाटकाच्या वेळेवर आणि शेजाऱ्यांच्या नजरेवर अवलंबून असते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पण तालीम सुटल्यावर गाडीच नसेल तर ते अर्धं तिकीट काय कामाचं?

काही जण म्हणतील, हे नियम मुलींच्या काळजीपोटीच आहेत. काळजी आम्हालाही आहे. १९९४ साली जळगावचं वासनाकांड उघडकीस आलं, तेव्हा आपण सगळ्या हादरलो होतो. पण त्यानंतर कित्येक घरांत काय झालं ते आठवा. गुन्हा पुरुषांनी केला आणि उंबरठा मुलींचा उंच झाला. मुलीला कोंडून गुन्हेगाराला मोकळं रान मिळतं, एवढंच.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत हे स्पष्ट आहे. सुरक्षेचं कारण सांगून वसतिगृहात मुलींना मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावता येत नाहीत. पुरेसा उजेड आणि भरवशाची वाहतूक यांचीही त्यात जबाबदारी सांगितली आहे. म्हणजे आपण उपकार मागत नाही.

आणखी एक नाजूक गोष्ट. नृत्यात, नाटकात शिकवताना गुरूचा हात अंगाला लागतो. बहुतेकदा तो शिकवण्याचाच असतो. पण तो तसा नसेल तेव्हा मुलगी बोलणार कुणाजवळ? काम कुणाला द्यायचं हे गुरूच्याच हातात! २०२३ साली चेन्नईच्या कलाक्षेत्रातल्या विद्यार्थिनी लैंगिक छळाविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, तेव्हा ‘गुरू’ या शब्दाआड काय दडू शकतं ते देशानं पाहिलं. अंतर्गत समिती प्रत्येक कॉलेजात हवी हे २०१३ चा कायदाच सांगतो. विद्यार्थिनींचं प्रकरण असेल तर समितीत निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधी असावेत, असं वर सांगितलेले विनियम म्हणतात. आपल्या कॉलेजातल्या समितीतली नावं किती मुलींना ठाऊक आहेत?

मैत्रिणींनो, नाटकाची ताकद आपल्या चळवळीला नवी नाही. ‘मुलगी झाली हो’ १९८३ साली उभं राहिलं आणि गावोगाव बायका बोलत्या झाल्या. तेव्हा या युवारंगाआधी एवढं करू या. कॉलेजात जाऊन समितीची नावं फळ्यावर लावून घेऊ. तालमीच्या वेळेनुसार गाडी सोडावी म्हणून आगारप्रमुखांना भेटू. खोल्या देणाऱ्या मावशी-काकूंची गल्लीतच बैठक घेऊ, त्यांच्याशी भांडायला नव्हे, बोलायला. त्यांचीही एखादी लेक कधीतरी गाणं सोडून घरी बसली असेल.

आणि तालीम सुटल्यावर आपल्यातल्या दोघी-चौघी फाटकाशी उभ्या राहू. पहारा म्हणून नव्हे, सोबत म्हणून. रस्त्यावर बायका दिसू लागल्या की रस्ता बायकांचा होतो.