एका मतासाठी जंगलात बूथ, मग कोयत्याच्या मताचे काय?

गडचिरोलीच्या जंगलात मतदान पथके हेलिकॉप्टरने उतरवली जातात. गुजरातमध्ये गीरच्या जंगलात बाणेजला एका मतदारासाठी केंद्र उभे राहते. हे झालेच पाहिजे, याबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच आहे की कळमनुरी तालुक्यात वारंगा फाट्याच्या आसपासच्या वस्त्या-तांड्यांवरून ऊसतोडीला गेलेल्या माणसाचे मत कोणी मोजायचे?

20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचे मतदान झाले. दिवाळीच्या आगेमागे उचल घेतलेल्या टोळ्या मुकादमाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. मतदान केंद्र गावच्या शाळेत आणि मतदार शेकडो किलोमीटरवर फडात! कायद्याने मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी आहे. पण एका दिवसाच्या सुट्टीत जाऊन-येऊन मत द्यायचे कसे, आणि भाडे कोण देणार?

शक्य नाही असे कोणी सांगू नये. सैनिक सीमेवरून टपाली मत देतो. निवडणूक ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यालाही सोय आहे. विस्थापित काश्मिरी पंडितांसाठी जम्मू, उधमपूर, दिल्लीत विशेष केंद्रे असतात. मग साखर कारखान्याच्या तळावर तसे केंद्र का नाही? जानेवारी 2023 मध्ये आयोगाने दूरस्थ मतदान यंत्र पक्षांना दाखवायला बोलावले. विरोधी पक्षांनी शंका घेतल्या, त्या रास्तही होत्या. पण यंत्राबरोबर मजुराचा प्रश्नही बासनात गेला. कागदी मतपत्रिका तर आजही आहे!

बाबासाहेबांनी 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला, तेव्हा मत हे मालमत्ता आणि सारा भरणाऱ्यांची मिरास होती. कलम 326 ने ती मोडली. आज मजुराचे नाव यादीत आहे, पण पोटासाठी गाव सोडले की मत गेले. मग ही मालमत्तेची अट मागच्या दाराने परत आली, असे का म्हणू नये? फडात राबणारा माणूस बहुतेक भूमिहीन, दलित, बंजारा, आदिवासी आणि भटक्या समाजाचा आहे, हा योगायोग नाही.

तरुणांनो, नुसती पोस्ट टाकून भागणार नाही. दिवाळीपूर्वी वस्तीवार यादी करा: कोण जाणार, कोणत्या कारखान्याला, मतदार यादीतला क्रमांक काय. ती जिल्हाधिकारी आणि मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना लेखी द्या, पोच घ्या. बीएलओ 'स्थलांतरित' म्हणून नाव कमी करू लागला तर 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 20 दाखवा. तात्पुरते बाहेर गेल्याने माणूस गावचा रहिवासी राहत नाही असे होत नाही, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे.

ज्याचे मत पडत नाही, त्याच्या वस्तीचा रस्ताही होत नाही.

जय भीम! जय संविधान!