तालमीच्या जिवावर उभा फड

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, ओहायो नदीकाठच्या लुइव्हिल शहरात ‘ओहायो व्हॅली रेसलिंग’ ही प्रो-रेसलिंगची संस्था आहे. स्वतः रिंगमध्ये घाम गाळलेल्या डॅनी डेव्हिस यांनी ती १९९३ मध्ये सुरू केली. आठवडाभर तालीम आणि आठवड्यातून एकदा स्थानिक टीव्हीसाठी चित्रित होणारा जाहीर खेळ, अशी तिची घडी. बड्या कंपन्यांचा पैसा आला आणि गेला. संस्था तगली ती या जोडणीवर.

निकाल आधीच ठरलेला असतो म्हणून मातीतला मल्ल या प्रकाराला नूराकुस्ती म्हणतो. ते खरेच, पण निकाल ठरवता आला तरी आपटणे टळत नाही. रिंग म्हणजे लोखंडी सांगाड्यावर फळ्या, त्यावर पातळ फोम आणि वर ताणलेले कॅनव्हास. म्हणून पहिला धडा पडण्याचा. हनुवटी छातीशी घट्ट, श्वास बाहेर, पाठीचा वरचा सपाट भाग आणि दोन्ही तळहात एकाच क्षणी खाली. हनुवटी सुटली की डोके मागे आपटते आणि मान किंवा मेंदू दुखावतो. मग दोरांवरचे धावणे. त्यात काखेखाली काळेनिळे वळ उठतात. अमेरिकी पद्धतीत बहुतेक पकडी डाव्या अंगाला धरतात, त्यामुळे परगावचा अनोळखी जोडीदारही अडखळत नाही. आखाड्यातून आलेल्याला इथे सगळे उलटे वाटते. पाठ टेकली की हरलो, हे मनात मुरलेले असते. इथे पाठ टेकवता येणे ही पहिली विद्या आणि जोडीदाराचे अंग सांभाळणे ही दुसरी.

२००० च्या सुमारास डब्ल्यूडब्ल्यूएफ या बड्या कंपनीने, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईने, आपले नवोदित इथे धाडायला सुरुवात केली. जॉन सीना, रँडी ऑर्टन, बटिस्टा इथूनच गेले. ब्रॉक लेस्नर तर २००० चा अमेरिकी विद्यापीठ स्पर्धेचा हेवीवेट विजेता. अंगात कुस्ती होती, ताकद होती. तरीही त्याला लुइव्हिलच्या लहान गर्दीपुढे शेल्टन बेंजामिनबरोबर जोडीने खेळावे लागले. कॅमेरा कोणत्या बाजूला, किती मिनिटे उरली, प्रेक्षक थंड पडले तर काय करायचे, हे बंद दाराआडच्या सरावात येत नाही. मार्च २००२ मध्ये लेस्नर कंपनीच्या मुख्य टीव्ही कार्यक्रमात आला आणि ऑगस्टमध्ये मुख्य विजेता झाला.

या काळात कथानके रचणारे जिम कॉर्नेट कडक शिस्तीचे. २००५ मध्ये एका भीतिदायक पात्राच्या प्रवेशाला रिंगशेजारी बसलेला शिकाऊ घाबरण्याऐवजी हसला. कॉर्नेट यांनी त्याला आत नेऊन थपडा मारल्या. डब्ल्यूडब्ल्यूईने आधी त्यांना निलंबित केले, मग नारळ दिला. पुढे तोच शिकाऊ सँटिनो मरेला या नावाने गाजला, तेही विनोदी पात्र म्हणून! वस्तादाचा हात हा आपल्याकडेही अवघड विषय आहे. धाकाने शिस्त येते, पण त्या शिस्तीत अभिनय फुलत नाही, एवढे या प्रकरणातून दिसते.

२००८ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने आपले नवोदित फ्लोरिडातल्या संस्थेकडे वळवले. पुढे टीएनए या दुसऱ्या कंपनीशी झालेला करार २०१३ मध्ये संपला. दोन्ही वेळा मोठा आश्रयदाता एका निर्णयाने गेला. २०१८ मध्ये माजी प्रो-रेसलर अल स्नो यांनी संस्था विकत घेतली. त्यांच्या अकादमीला केंटकी राज्याची व्यावसायिक प्रशिक्षण संस्था म्हणून मान्यता मिळाली, ही या धंद्यात दुर्मीळ गोष्ट. २०२१ मध्ये स्थानिक गुंतवणूकदार आले. २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘रेसलर्स’ या मालिकेने खर्चाची तोंडमिळवणी किती अवघड आहे तेही जगाला दाखवले.

भारतात डब्ल्यूडब्ल्यूईत खेळलेल्या खलीने २०१५ मध्ये जालंधरला असाच प्रयोग केला. तिथे शिकलेली हरियाणाची कविता देवी २०१७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या महिला स्पर्धेत सलवार-कमीज घालून उतरली. महाराष्ट्रात असा फड उभारू पाहणाऱ्यांनी रिंग विकत घेण्याआधी पडायला शिकवणारा माणूस शोधावा, आणि डॉक्टर हजर नसेल तर तिकीटविक्री सुरूच करू नये.