चेंडू जमिनीवर, गुण खिशात!

दोस्तांनो, अमेरिकन फुटबॉल नावाला फुटबॉल. खेळतात मात्र बराचसा हातानंच! चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्या संघाकडे. चेंडू पुढे फेकण्याचं मुख्य काम क्वार्टरबॅकचं. त्याची फेक प्रतिस्पर्ध्यानं झेलली की झालं ‘इंटरसेप्शन’, म्हणजे चेंडू गेलाच.

हा गडी किती भारी, हे एका आकड्यात सांगायला एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगनं १९७३ मध्ये ‘पासर रेटिंग’ स्वीकारलं. घ्या पेन्सिल! शंभर फेकींमागे आपल्या गड्यांनी किती झेलल्या? त्यातून ३० वजा करा, २० नं भागा. दर फेकीमागे यार्ड किती? ३ वजा करून ४ नं भागा. शंभर फेकींमागचे टचडाउन ५ नं भागा. शंभर फेकींमागची इंटरसेप्शन ४ नं भागून २.३७५ मधून वजा करा. कुठलंही उत्तर शून्याखाली किंवा २.३७५ च्या वर जाऊ द्यायचं नाही, बरं का. चौघांच्या बेरजेला ६ नं भागून १०० नं गुणा. जास्तीत जास्त १५८.३! ॲरॉन रॉजर्सनं २०११ च्या मोसमात १२२.५ रेटिंग मिळवून विक्रम केला होता.

आता गंमत बघा. एकानं वीसच्या वीस फेकी नुसत्या जमिनीवर घातल्या. झेल शून्य, यार्ड शून्य. पण इंटरसेप्शनही शून्य! म्हणून रेटिंग ३९.६. दुसऱ्यानं वीसपैकी दहा फेकी नीट पोचवल्या, १०० यार्ड मिळवले, दोन मात्र प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेल्या. त्याला फक्त २५! इंटरसेप्शन महागात पडतं हे कबूल, पण पहिल्याचा संघ त्याच्या फेकींवर इंचभरही सरकला नाही, त्याचं काय?

शिवाय आखूड फेक झेलून सहकारी साठ यार्ड पळाला, तर ते सगळे यार्ड क्वार्टरबॅकच्या खात्यात. सहकाऱ्याच्या हाताला लागून उडालेला चेंडू शत्रूनं झेलला, तर इंटरसेप्शनही त्याच्याच माथी. आणि तो स्वतः चेंडू घेऊन पळाला किंवा फेकण्याआधीच आडवा झाला, तर हे गणित तिकडे बघतही नाही. ईएसपीएन वाहिनीनं २०११ मध्ये काढलेल्या ‘टोटल क्यूबीआर’मध्ये या दोन्ही गोष्टी धरतात. पण ते गणित पेन्सिलीनं होण्यातलं नाही!

हे मात्र करून पाहा : १० फेकी, ८ झेल, १२५ यार्ड, २ टचडाउन, इंटरसेप्शन एकही नाही. उत्तर १५८.३ पेक्षा जास्त आलं, तर २.३७५ ची मर्यादा विसरलात!