टायर आतून खातोय आणि बिल आपण भरतोय

आज एक काम करा. स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून गाडी बंद करा आणि पुढच्या टायरची आतली कड नीट बघा. बाहेरून ठणठणीत दिसणारा टायर आतून गुळगुळीत निघाला, तर कंपनीला शिव्या देण्याआधी पुढचं वाचा.

स्पोर्ट्स कारचा टायर आतून जास्त घासतो, ते एक वेळ समजू शकतं. त्या गाड्यांची चाकं कंपनीच वरच्या बाजूने थोडी आत कललेली ठेवते. याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. वेगात वळताना गाडी बाहेर झुकते, तेव्हा बाहेरचं चाक रस्त्यावर सपाट बसतं आणि पकड मिळते. बदल्यात आतली कड लवकर जाते. घेणाऱ्याने हा सौदा मान्य केलेला असतो. आपल्या साध्या हॅचबॅकने असा सौदा कधी केला होता?

आपल्याकडे तो खड्डे आणि स्पीडब्रेकर परस्पर करून टाकतात. चाक जोरात आपटलं की टाय रॉड वाकू शकतो, बुश ढिले होतात आणि 'टो' बिघडतो, म्हणजे चाकं सरळ दिशेला राहत नाहीत. साधं गणित बघा. 600 मिलिमीटर व्यासाचं चाक पुढच्या-मागच्या कडेत फक्त 3 मिलिमीटरने तिरकं असेल, तर दर किलोमीटरला ते साधारण 5 मीटर आडवं फरफटतं. 10 हजार किलोमीटरला 50 किलोमीटर! मग टायर राहील कसा?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषात गोलाकार स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच सांगितला आहे. तुमच्या गल्लीतला टेप लावून मोजा. बहुतेक ठिकाणी तो डांबराचा उभा बांध असतो.

दोष फक्त रस्त्याचा नाही. 'स्पोर्टी' दिसावी म्हणून पोरं स्प्रिंग कापून गाडी खाली करतात. त्याने कॅम्बर आणि टो दोन्ही हलतात, आणि गाडी काही स्पोर्ट्स कार होत नाही. काही दुकानांत पाच मिनिटांत 'अलाइनमेंट झालं' म्हणून पैसे घेतात. आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला मशीनचा प्रिंट मागा. बऱ्याच छोट्या गाड्यांत कंपनीने फक्त पुढचा टो फिरवायची सोय दिलेली असते. मग कॅम्बरचे वेगळे पैसे कशाचे, हेही विचारा.

हा विषय फक्त खिशाचा असता तर एवढं लिहिलं नसतं. कारच्या टायरची नक्षी किमान 1.6 मिलिमीटर खोल हवी, असा नियम आहे. समृद्धी महामार्गावर कारला 120 ची वेगमर्यादा आहे. आतून तार दिसायला लागलेला टायर त्या वेगात, उन्हाळ्यात, भरलेल्या गाडीखाली फुटला तर आत बसलेल्यांचं काय होतं, हे सांगायला नको. आरटीओने तिथे टायर तपासले, चांगलंच केलं. पण उभ्याने बघितलं तर फक्त बाहेरची बाजू दिसते. वाकून आतली कड बघा, फिटनेसच्या वेळीही बघा.

आणि नगरपालिकेने निकषात न बसणारे स्पीडब्रेकर मोजून काढावेत. घरपट्टी, रोड टॅक्स, टोल सगळं भरतोच आपण. वर हा टायरचा छुपा कर कशासाठी?

आपल्या भागातला स्पीडब्रेकर मोजा, टेपसकट फोटो खाली टाका. सगळे एकत्र करून मुख्याधिकाऱ्यांकडे नेऊ.