यंत्र आठवण देईल. यादी कोण तपासणार?

वृद्ध आईवडिलांना वेळच्या वेळी गोळ्या देणारे स्वयंचलित यंत्र आता आपल्याकडेही मागविता येते. त्याची रचना सोपी आहे. कप्प्यांच्या चक्रात काही दिवसांच्या गोळ्या भरून ठेवावयाच्या. ठरलेली वेळ झाली की घंटा वाजते, तेवढाच कप्पा उघडतो व बाकीचे कुलूपबंद राहतात. गोळी उचलली गेली नाही, तर मुलाच्या किंवा मुलीच्या मोबाइलवर तसा संदेश जातो. मुले बंगळुरूला किंवा न्यूजर्सीला आणि आईवडील पुण्यात, नाशकात वा साताऱ्यात, अशी घरे आज अपवादात्मक राहिलेली नाहीत. २०११ च्या जनगणनेतच देशातील साठ व त्याहून अधिक वयाच्या लोकांची संख्या १० कोटींवर गेली होती. अशा घरांना या यंत्राचा आधार वाटला, तर त्यात नवल नाही. सेवा माणसानेच करावी, यंत्राने नव्हे, असे म्हणून त्याच्याकडे पाहून नाक मुरडण्याचेही कारण नाही. परंतु हे यंत्र ज्या दुखण्यावरचा उपाय आहे, तेच आपल्या वृद्धांचे मुख्य दुखणे आहे काय, हे आधी पाहावयास हवे.

यंत्राचा उपाय विसरण्यावर आहे. औषधे न घेण्याचा प्रश्न मात्र विसरण्यापुरता मर्यादित नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात असे नमूद केले होते की, दीर्घकालीन आजारांत औषधयोजना सांगितल्याप्रमाणे पाळण्याचे प्रमाण विकसित देशांतही सरासरी निम्मेच आहे. त्यामागे विस्मरण असते, त्याचप्रमाणे औषधांचा खर्च असतो, गोळीने येणारी चक्कर किंवा मळमळ असते, आणि बरे वाटत असताना औषध कशाला, ही समजूतही असते. महिनाअखेरीस रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेणारा निवृत्त कारकून विसराळू नसतो, तो हिशेबी असतो. त्याच्यासाठी घंटा कितीही वेळा वाजली, तरी तिचा उपयोग काय?

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. आपल्याकडील वृद्ध माणूस बहुधा एका डॉक्टरचा रुग्ण नसतो. हृदयासाठी एक, मधुमेहासाठी दुसरा, गुडघ्यांसाठी तिसरा, आणि ताप-खोकल्यासाठी कोपऱ्यावरचा जुना दवाखाना. प्रत्येकाची चिठ्ठी निराळी आणि ती सारी एकत्र ठेवून पाहणारा कोणीच नाही. त्यातच एकच औषध अनेक कंपन्या अनेक नावांनी विकतात, आणि दोन-तीन औषधे एकत्र केलेल्या संयुक्त गोळ्यांचा आपल्या बाजारात सुकाळ आहे. ॲम्लोडिपिन ही रक्तदाबाची गोळी एका चिठ्ठीत स्वतंत्रपणे असावी आणि दुसऱ्या चिठ्ठीतील संयुक्त गोळीतही तीच असावी, हे सहज घडू शकते. या गोळीने काहींच्या पायांना सूज येते. ती नवा आजार समजून लघवी वाढविणारी गोळी सुरू होते. मग रात्री दोन-तीनदा उठावे लागते, आणि अंधारात न्हाणीघराकडे जाताना तोल जाऊन खुब्याचे हाड मोडते. एका गोळीचा दुष्परिणाम झाकण्यासाठी दुसरी देण्याची ही साखळी वैद्यकशास्त्राला चांगली परिचित आहे. वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी अमेरिकेतील डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्येच प्रसिद्ध केली व ती आजही वेळोवेळी सुधारली जाते. यंत्राला यातले काही ठाऊक नसते. यादी चुकीची असेल, तर तीही ते मिनिटाचा फरक न करता पाळील. विसरणाऱ्या माणसाच्या हातून निदान एखादी अनावश्यक गोळी सुटते. यंत्राच्या हातून तीही सुटणार नाही.

यंत्रात काय भरावे, हेही जाणत्या माणसाचे काम आहे. आपल्याकडे बहुतेक गोळ्या पट्टीत बंद मिळतात आणि ते वेष्टन दमटपणापासून त्यांचे रक्षण करीत असते. कोकणातील किंवा मुंबईतील पावसाळ्यात पट्टीतून काढलेल्या काही गोळ्या महिनाभर कप्प्यात टिकतीलच, असे नाही. छातीत कळ आल्यास जिभेखाली ठेवावयाची गोळी कुलपात बंद करणे म्हणजे संकटाला आमंत्रणच होय. इन्सुलिनला यंत्रात जागा नाही. संधिवातावरील मेथोट्रेक्झेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते; ते चुकून रोज घेतल्याने रुग्ण दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. भरणाऱ्याचा हात येथे एकदा चुकला, तर यंत्र तीच चूक रोज करील. शिवाय यंत्राला घड्याळ कळते, पंचांग कळत नाही. घरातील आजींची एकादशी आहे, त्यांनी सकाळपासून काही घेतलेले नाही, हे त्याला कोण सांगणार? अशा वेळी साखर उतरविणारी काही औषधे ठरल्या वेळी पोटात गेली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते.

उत्तर युरोपातील काही देशांत ही यंत्रे घरोघरच्या वृद्धसेवेत वापरली जातात, हे खरे. परंतु तेथे यंत्र ही व्यवस्थेची शेवटची कडी असते. औषधशाळेत प्रत्येक वेळेच्या गोळ्या वेगवेगळ्या पाकिटांत भरल्या जातात, त्यावर नाव व वेळ छापलेली असते, आणि पाकीट उचलले गेले नाही तर त्याची सूचना परिचारिकांपर्यंत पोहोचते. आपण मात्र शेवटची कडीच तेवढी विकत घेतो आणि साखळी मिळाली असे समजतो. पुण्यात सकाळचे आठ वाजलेले असतात, तेव्हा न्यूजर्सीत आदली रात्र चढत असते. तेथे मोबाइलवर उमटलेला संदेश पाहून मुलीला चिंता वाटेल, पण दार उघडून आत जाता येणार नाही.

म्हणून यंत्र घेण्यापूर्वी तीन गोष्टी व्हावयास हव्यात. पहिली, घरातील सर्व औषधे, मलमे, चूर्णे व काढ्यांसह, एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरपुढे ठेवावीत आणि यातली कोणती बंद करता येतील, असे स्पष्ट विचारावे. आपल्या मनाने मात्र एकही बंद करू नये. दुसरी, औषधविक्रेत्याला त्याच्या खऱ्या कामाला लावावे. औषध देताना रुग्णाला समजावून सांगणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे कर्तव्य २०१५ च्या नियमांनी ठरवून दिले आहे. गल्ल्यावर बसून पट्ट्या कापून देणे म्हणजे ते कर्तव्य नव्हे. कापलेल्या पट्टीवर कित्येकदा औषधाची मुदतही उरत नाही. गोळ्या तपासून भरून देण्याचे काम त्यांनी रास्त मोबदला घेऊन करावे आणि गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांनी त्यासाठी आग्रह धरावा. तिसरी, यंत्राचा पहिला संदेश परदेशी जाण्याऐवजी हाकेच्या अंतरावरील, घराची किल्ली असलेल्या माणसाकडे जावा. एवढे झाल्यावर अनेक घरांत असे आढळेल की, सात दिवसांच्या कप्प्यांची साधी डबीही पुरेशी आहे. ज्यांची स्मृती खरोखरच क्षीण होत चालली आहे, त्यांच्या बाबतीत यंत्राचे मोल मोठे आहे, आणि तेथे ते जरूर घ्यावे.

मात्र ते घेताना ज्यांच्यासाठी घ्यावयाचे, त्यांना विचारावे. ज्या बाईंनी चाळीस वर्षे सगळ्या घराची दुखणीखुपणी काढली, त्यांच्यापुढे एके दिवशी कुलूपबंद डबी ठेवून ‘वाजली की घ्या’ असे सांगणे यात काळजीपेक्षा अविश्वासच अधिक दिसतो. कोणती गोळी कशासाठी आहे, हे मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून देण्याला फारसा खर्च येत नाही. २००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या चरितार्थात औषधोपचारांचा समावेश केला आहे. म्हणजे त्यांचा खर्च मुलांकडून कायद्याने मागता येतो. त्यांच्याशेजारी बसून औषधांची यादी एकदा वाचण्याची सक्ती मात्र कोणताही कायदा करू शकत नाही. ते काम मुलांनी आपण होऊन करावयाचे आहे. ते केल्यावर यंत्राने आपले काम खुशाल करावे.